एकास पंचवीस

पहिल्या दिवशी कंसारासरांनी
काहीच शिकवलं नाही.
दार लावलं, मेन स्विच खाली ओढला,
म्हणाले, बसा.
आम्ही अकरा जण लाकडाच्या भुशात.
कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं,
कुणी हसलं, मग हसूही विझलं.
वीसएक मिनिटांनी दाराच्या फटीतली रेघ
एवढी जाड झाली की तिच्यात
फेविकॉलचा डबा दिसला, झाकण,
झाकणावर वाळलेला थेंब.
सर म्हणाले, आता लिहा :
प्रकाशाचा खर्च इथून सुरू होतो.

मी लिहिलं नाही.
वही दिसत नव्हती.

दांडिया बाजारातल्या मावश्या विचारायच्या,
नाटकात काम करतेस?
नाही.
मग लिहितेस?
नाही.
मग?
मग त्या भाकरवडीची बशी पुढे सरकवायच्या.

दुसऱ्या सत्रात मॉडेल. एकास पंचवीस.
म्हणजे खोली बुटांच्या खोक्याएवढी,
दार उभ्या चिरलेल्या पत्त्याएवढं,
आणि माणूस सात सेंटिमीटर.
माणूस आधी कापा, सर बजावत,
नाहीतर असे जिने बांधाल
की कुणाचं पाऊल मावणार नाही.
मी जाड कागदाचा माणूस कापला.
वर्कशॉपचे सुतार रायसिंग राठवा
करवत थांबवून बघत राहिले :
"बेन, आ तो थांभले चढतो माणस छे."

खरंच. डावा खांदा उतरलेला,
उजवा हात वर, एक गुडघा मुडपलेला.

बाबा वीज कंपनीत लाइनमन. चौतीस वर्षं.
घरी मराठी, खांबावर गुजराती,
झटका बसला तर आईला कोणत्या भाषेत हाक मारली
हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षीच्या प्रयोगाला ते आले.
तिसरी रांग, कडेची खुर्ची,
इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर.
नायिका रडत होती तेव्हाही मान वर :
बाबा दिवे मोजत होते.

पडदा पडल्यावर विचारलं, लोड किती?
अठरा किलोवॅट.
तिन्ही फेजवर सारखा वाटलास?
वाटला.
न्यूट्रल तापतोय का पाहिलंस?
नव्हतं पाहिलं.
मग ते फुलं घेऊन उभ्या असलेल्या पालकांमधून वाट काढत
आत आले, पॅनेलच्या झाकणाला
हात लावला, उलटा.
तळवा कधी लावायचा नाही, म्हणाले,
तळवा पकडून बसतो.

स्कूटरवर, विश्वामित्रीच्या पुलापाशी,
वेग कमी केला.
खाली नेहमीसारखं काळं पाणी, मगरी असतील-नसतील.
शेवटी तू तो अंधार केलास ना,
किती सेकंद?
नऊ.
बरा होता.
(हेल्मेटमधून नीट ऐकू येत नव्हतं,
मला वाटलं 'बराच होता' म्हणाले.)
पुराच्या वर्षी समा भागाचा फीडर
मी पाडला होता, पाणी कमरेला होतं.
लोक गच्च्यांवरून रात्रभर शिव्या देत होते.
सिग्नल लागला.
जिवंत होते म्हणून देत होते.
सिग्नल सुटला. पुढे घरापर्यंत
रोहित्रांबद्दल बोलले.

सकाळी सेट उतरवला.
फ्लॅट, चौकट, कुठेच न उघडणारं दार.
मॉडेल कुणीतरी बाकाखाली सरकवलं होतं,
त्यातला माणूस सापडला नाही.
भुशात गेला असेल.
मी पॅनेलपाशी जाऊन
हात उलटा लावून पाहिला.
गार.

मागे रायसिंगभाई उकिडवे बसून
वाकडे खिळे सरळ करत होते, एकेक,
हातोडीचा ठोका, मग डब्यात आवाज,
पुढच्या नाटकासाठी,
जे अजून कुणी निवडलंही नव्हतं.