अडीच वाजताचं ऊन

कोथरूडच्या या गॅलरीत, एप्रिलात,
मी टोमॅटो वाळत घातलेत.
अर्धे चिरून, मीठ लावून,
साबुदाण्याच्या पापड्यांच्या जुन्या प्लास्टिकवर.
शेजारच्या मालशेबाईंनी दोनदा नुसतं पाहिलं,
तिसऱ्यांदा विचारलंच :
खराब निघाले का हो?

आता यांना एन्कार्ना कुठून सांगू.

तिकडे, अल्मेरियाच्या अलीकडच्या एका गावात
सहा वर्षं मला गच्ची होती.
श्रीरंग ठिबकवाला; कंपनीनं त्याला
पाणी नसलेल्या जागी पाणी मोजायला धाडलेला.
घराच्या एका अंगाला समुद्र,
दुसऱ्या अंगाला डोंगरापर्यंत
हरितगृहांचं पांढरं प्लास्टिक.
पहिल्या दिवशी कळेना, यातला समुद्र कुठला.
चमकत दोन्ही होते.

पहिल्याच मार्चमध्ये कुरडया घातल्या.
ऊन म्हणजे काय सांगू,
न चिकटता सरळ कामाला लागणारं.
पुण्यात तीन दिवसांचं काम, तिथं एका दुपारचं.
खालच्या मजल्यावरची एन्कार्ना वर आली,
कपड्यांची बादली कमरेवर,
आणि बराच वेळ बघत राहिली.
मला तेव्हा चाळीसेक शब्द येत होते,
त्यातले सात भाज्यांचे.
हे विणकाम का, तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.
नाही म्हटल्यावर लागणारं पुढचं वाक्य
माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आईच्या हातची लेस घेऊन आली
आणि कुरडईशेजारी पसरून टाके मोजू लागली.
मग काय करणार. एक तळून दिली.
विणकाम खाल्लं तिनं, उभ्या उभ्या,
आणि म्हणाली, मीठ कमी आहे.

वरच्या टेकडीवर इंग्लंडचे पेन्शनर राहायचे.
वीस वर्षांनंतरही पाव मागायला बोट दाखवायचे.
त्यांना सगळे एक्सपॅट म्हणत.
प्लास्टिकखाली मिरच्या तोडणारा रशीद
गावातल्यांच्या शिव्याही बिनचूक द्यायचा,
त्याच्यासाठी शब्द वेगळा होता.
बोटांचे ठसे द्यायच्या रांगेत तो आमच्या पुढे.
खिडकीतल्या बाईनं त्याच्याकडे पाहिलं,
मग श्रीरंगाच्या टायकडे, मग माझ्या कुंकवाकडे,
आणि कुठल्याशा चौकटीत फुली मारली.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.
शब्द होते तेव्हा माझ्याकडे. तरी.

दुपारी दोनला गाव मिटायचं,
ते पाच साडेपाचला उघडायचं.
मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं फार त्रागा केला.
लक्ष्मी रोडला वाढलेल्या मला मात्र
बंद दारावरची पाटी वाचायला
परकी भाषा कधीच लागली नाही.

समुद्राची आठवण येते का, इथं सगळे विचारतात.
समुद्राकडे जायला वेळ कुणाला होता.
येते ती गच्चीच्या दोरीची,
जिच्यावर माझी सुती साडी आणि तिच्या नवऱ्याचे बनियन
एकाच वाऱ्यानं फुगायचे.
आणि ऑलिव्हच्या बरणीची :
पाणी बदल, पाणी बदल, चाळीस दिवस,
कडूपणा जायला तेवढे लागतातच, ती म्हणायची.
घाई केली तर तसाच राहतो.

काल तिचा फोटो आला.
तीच गच्ची, पांढरी चादर,
तिच्यावर चुरोच्या साच्यातून पाडलेल्या
जाडजूड, ओबडधोबड कुरडया.
खाली लिहिलंय : टाके चुकलेत.

मी उत्तर लिहीत होते,
तेवढ्यात वारं सुटलं.
प्लास्टिकचा कोपरा उडाला, टोमॅटो घरंगळले,
मी श्रीरंगला हाक मारली.
तो आत झोपलेला, एक ते चारचा.
आणि हाक कुठल्या भाषेत मारली,
ते मला मालशेबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांनी काही विचारलं नाही.
कठड्यावरून हात लांब करून
प्लास्टिकचं दुसरं टोक धरलं,
आणि हातात आलेला एक टोमॅटो,
मी बघत नाहीसं पाहून,
चाटून पाहिला.