इतर

मच्छीमार संस्थेच्या काट्यावरचं हे रजिस्टर.
छापलं त्या साली कुणीतरी
निगुतीनं पाडले होते रकाने:
कटला, रोहू, मरळ, वांब,
शिंगटा, शिवडा, घोगऱ्या, कोळशी.
आणि कडेला, कागद उरला म्हणून,
बोटभर रुंदीचा एक: इतर.

सत्तावीस वर्षं मी यात आकडे भरतोय.
आता सगळं धरण त्या बोटभरात मावेना.
तीनशे किलो चिलापी, पाचशे, साडेसातशे,
आकडे रेघ ओलांडून
कोळशीच्या घरात शिरतात,
घोगऱ्याच्या अंथरुणावर पाय पसरतात.
कोळशी काही म्हणत नाही.
तिची जागा कोरीच आहे.

आमच्याकडे समुद्र नाही.
करमाळ्याच्या अंगाला पाणी फुगलं
आणि पलीकडचा काठ दिसेना,
तेव्हा लोक त्यालाच समुद्र म्हणाले.
समुद्र म्हटलं की आलंच
कुठलं कुठलं कोण कोण.
कुणी सांगतं, चिलापी आफ्रिकेची.
अप्पलस्वामी म्हणतो, छे, आमच्या गोदावरीतली.
तो राजमुंद्रीचा, थर्माकोलवर बसून जाळं टाकतो,
त्याच्या पोराला तेलुगू वाचता येत नाही.
मी कुणाचंच खोडत नाही.
कटला तरी कुठं इथला होता?
तोही डब्यात बसून आला, लॉरीनं;
फक्त वेळेवर आला,
रकाना मिळाला.

चिलापीची मादी पिल्लं तोंडात धरते.
सावली हलली की गिळल्यासारखं करते,
सावली गेली की परत सोडते,
एक-एक, मोजून दिल्यासारखी.
अशा आईपुढं शिवड्यानं काय करावं?

पण ती खपते तरी. टेम्पो भरून रातोरात जाते.
हेलिकॉप्टरचं काय?
पाठीवर पत्रा, अंगभर ठिपके,
अडकला की जाळं कापूनच काढायचा,
काठावर फेकला तर दुपारपर्यंत जिता.
कुत्रंसुद्धा हुंगून माघारी येतं.
त्याला रकाना नाही.
इतरमध्येसुद्धा नाही.

हे इथं लिहितो, कारण तिथं लिहिता येत नाही:
सोलापुरात, नव्या पेठेत,
ऐंशी रुपयांना घेतला होता मी एक,
करंगळीएवढा, मृण्मयीच्या काचपेटीसाठी.
"काच चाटून लख्ख ठेवतो की ओ," दुकानदार म्हणाला.
ठेवली. मग वाढला. मग बाकीचे मासे कमी झाले.
झाकणाच्या बादलीत घालून एसटीनं आणला
आणि संध्याकाळी, कुणी नाही बघून,
पाण्यात हात बुडवून सोडला.
जाताना शेपटीनं
मनगट खरवडून गेला, एवढंच.
एकच होता.
एकानं काय होतंय, असं
सगळेच म्हणाले असतील,
आपापल्या बादलीला.

परवा गेनबा भोई
ओल्या पोत्यात गुंडाळून वांब घेऊन आला.
जिवंत. 
टेम्पोवरचं सोलापूरचं पोरगं म्हणालं,
"साप कशाला आणलाव बे?"
गेनबानं त्याच्याकडं बघितलं नाही,
माझ्याकडं बघितलं.
रकाना सापडायला मला वेळ लागला.
एक नग, चारशे ग्रॅम.
मग त्यानं पोतं उचललं.
बाजाराकडं गेला की पाण्याकडं,
मी उठून पाहिलं नाही.

महिनाअखेरीला हिशेब तपासनीस आले.
साडेअठरा टन 'इतर'वर
न थांबता बरोबरची खूण केली.
चारशे ग्रॅमला मात्र लाल गोल,
शेजारी बारीक अक्षरात:
चुकीची नोंद? खुलासा करावा.

खुलाशासाठी
चार ओळींची जागा सोडून गेलेत.