गाडी गेली काय जी?

सरासरी प्रतीक्षा म्हणजे दोन गाड्यांमधल्या वेळेच्या निम्मी,
हे मी अमरावतीत फळ्यावर एकतीस वर्षं लिहिलं.
गाड्या वेळेवर असल्या तर.
हा ‘तर’ मी कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहीत असे
आणि पोरं तो वहीत उतरवत नसत.

टेंभुर्डा फाट्यावर पहिल्यांदा गेलो तो सर्वेक्षणाला.
घाटंजीहून अकरा किलोमीटर, डांबर मध्येच सुटलेलं,
थांबा म्हणजे मोहाचं एक झाड
आणि गिरजाबाई उईकेची टपरी.
सोबत चार विद्यार्थी, छापील प्रश्नावली:
प्रवासाचा हेतू. उत्पन्न गट.
पर्यायी साधन असल्यास खूण करा.
प्रणाली ढोबळे नावाची मुलगी कागद उलटवून
लोक एकमेकांना काय विचारतात तेवढंच लिहीत बसली.
संध्याकाळी तिनं दाखवलं. त्रेचाळीस ओळी,
त्यातल्या अडतीस एकच:
गाडी गेली काय जी?

केव्हा येईल, असं फारसं कुणी विचारलंच नव्हतं.
माझं तोवरचं सगळं काम ‘केव्हा येईल’वर होतं.
प्रबंध, दोन अनुदानं, डेपोसाठी केलेलं ते यंत्र
ज्याचे लाल आकडे उन्हात दिसत नसत
आणि रात्री वीज नसे.

मग आम्ही एक फळी केली.
सागाची, हातभर, भोकातून तार.
एका बाजूला पिवळ्या रंगात: यायची.
दुसऱ्या बाजूला पांढऱ्यात: गेली.
कंडक्टर देविदास आत्राम घंटी मारण्याआधी उलटवायचा,
विसरला तर गिरजाबाई.
खर्च एकशे दहा रुपये, ब्रशसकट.
समितीनं विचारलं, यात अभियांत्रिकी कुठे आहे?
मी म्हणालो, तारेत.
कुणी हसलं नाही.

त्या एप्रिलात गाड्या निवडणुकीच्या ड्युटीवर गेल्या.
फळी दोन दिवस ‘यायची’ म्हणत राहिली.
मोहाखाली एक लेकुरवाळी, तिची आई, पाण्याचा गडवा,
सकाळी सातपासून.
सावली झाडाभोवती सरकली तशा त्याही सरकल्या.
दुपारी मी जीपनं पोचलो तेव्हा
गिरजाबाई कमरेवर हात ठेवून उभी.
‘सर, गेली म्हनली असती तं बाई पायी निघाली असती,
सकायच्या थंड्यात.
तुमच्या फयीनं बसवून ठेवली.
येनारच नाई, थे कोन्त्या बाजूनं सांगू?’

त्या रात्री विश्रामगृहात मी फळीच्या कडा मोजल्या.
पाऊण इंच. अक्षर बसेना.
मग तीन बाजूंच्या ठोकळ्याचा आराखडा काढला,
बेअरिंगसकट, पहाटे दोनपर्यंत.
सकाळी फाट्यावर आलो तर फळी नव्हती.
नुसता आकडा, खोडात ठोकलेला.
लोक येत, आकड्याकडे बघत,
पदर खोचत, पायी निघत.
फळी टपरीत होती. तिच्यावर गिरजाबाई कांदे चिरत होती.

आराखडा मी पिशवीतून काढला नाही.

पुढे विभागप्रमुख झालो, पुण्यात परिषदेला बोललो,
अर्धा तास, त्या रिकाम्या आकड्यावर.
निबंधाच्या शेवटी आभारात तिचं नाव घातलं.
संपादकांनी विचारलं, संस्था कोणती?
मी कळवलं, टपरी, टेंभुर्डा फाटा.
त्यांनी छापताना गाळलं. मी भांडलो नाही.
ते अजून खुपतं.

परवा गेलो, ज्येष्ठांच्या तिकिटावर.
टपरीत आता तिचा नातू, तो मोबाईल उंच धरून रेंज शोधत होता.
आकडा मोहानं गिळलाय, टोक तेवढं बाहेर.
पिशवी खाली ठेवतो न ठेवतो
तोच पऱ्हाटीतून एक म्हातारा धापा टाकत आला:
‘गाडी गेली काय जी?’
रस्त्यावर धूळ अजून उभीच होती.
‘गेली. आत्ताच. मीच उतरलो तिच्यातून.’
‘बरं झालं सांगतलं,’ तो म्हणाला.
तुटक्या पट्ट्याच्या चपला काढून काखेत मारल्या
आणि चालायला लागला,
आता सावकाश.