रेघ धरेपर्यंत

मनगट लोवरीचं मोडलं
म्हणून या आठवड्यात हात इद्वालचे.
ती खुर्चीत, प्लास्टरच्या आत पेन्सिल घालून खाजवत.
तो ओट्यापाशी, गॉगल लावून,
लेकीचा फुलाफुलांचा एप्रन पोटावर तटतटलेला.

"पाण्यात कॉस्टिक घालायचं, बाबा.
कॉस्टिकवर पाणी कधीच नाही."
पाचव्यांदा ऐकतो. मान डोलावतो.
खिडकीतून वाफ बाहेर पडते, डोंगराकडे जाते,
जिथं त्याची चाळीस वर्षं गेली.

वेल्सच्या त्या गावात छपरं स्लेटची, कुंपणं स्लेटची,
थडगीसुद्धा,
आणि उरलेला चुरा घरांमागे
खऱ्या डोंगरापेक्षा उंच.
इद्वाल दगड फोडायचा नाही,
उघडायचा.
छिन्नी कडेला टेकवून एक टिचकी,
मग कान द्यायचा.
कुठे उघडायचं ते दगडच सांगे.
आतली जांभळी लाट, गंजाचा एखादा ठिपका,
सगळं कधीचंच ठरलेलं.
त्यात याचं काही नव्हतं.

साबण काही सांगत नाही.

ऑलिव्ह, खोबरेल, थोडं एरंडेल,
त्यात निवलेलं कॉस्टिक,
आणि ब्लेंडर: सुरू, बंद, सुरू, बंद.
"थेंब सांडला की त्याची रेघ वर राहिली पाहिजे.
पुसट. तेवढ्यावर थांब."
"पुसट म्हणजे?"
"कस्टर्डपेक्षा पातळ."
"कुणाच्या कस्टर्डपेक्षा?
तुझ्या आईच्या कस्टर्डवर चमचा उभा राहायचा."

चार जगांत वाटलं.
एकात नीळ, एकात मंजिष्ठा, एकात कोळसा,
चौथं पांढरंच ठेवलं.
पांढऱ्यात लिलीचा सुगंध.
"हा घाई करतो," लोवरी म्हणाली,
आणि तिचं वाक्य संपायच्या आत
पांढरं घट्ट झालं.
"ओत! बाबा, ओत!"
नीळ उंचावरून, बारीक धारेनं, जशी हवी तशी.
मंजिष्ठा तिच्यात बुडी मारून गेली.
कोळसा एका कडेनं.
पांढरं मात्र पडलं ते गोळ्यागोळ्यांनी,
ओल्या बर्फासारखं, थप्प, थप्प.

मग हँगरची वाकवलेली तार.
तळापर्यंत खाली, वर, जरा सरकून पुन्हा खाली.
वरून दिसतो फक्त गोंधळ.
इद्वालनं डोळे मिटले,
तार कुठे अडते ते बोटांनी ऐकलं.
"पुरे!" लोवरी खुर्चीतून उठलीच.
"आणखी एक फेरा आणि चिखल."
तार अर्ध्यावर होती.
तशीच बाहेर काढली.

रात्री दोनला उठून तो स्वयंपाकघरात गेला.
टॉवेलखाली साचा गरम,
अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली हात घालावा तसा.
कुणाला सांगितलं नाही.

सकाळी पहिली वडी कापली.
पुस्तकातली पिसं नव्हती तिच्यात, पाकळ्याही नव्हत्या.
पांढरे गोळे जिथल्या तिथे बसलेले
आणि मंजिष्ठा त्यांना वळसा घालून गेलेली,
ओढ्यातलं पाणी धोंड्यांना घालतं तसा.
नीळ एका जागी अचानक थांबलेली.
तिथं तार अर्ध्यावर निघाली होती.
दुसऱ्या वडीत तीच लाट,
बोटभर पुढे गेलेली.
तिसरीत धोंडा संपला.
बारा वड्या त्यानं क्रमानं मांडल्या,
मग उलट्या क्रमानं,
मग चहा गार झाला.

सवयीनं एक वडी कानाशी धरून टिचकी मारली.
काही वाजलं नाही.
"ओली आहे अजून," लोवरी म्हणाली.
"सहा आठवडे."

सहा आठवड्यांनी, शनिवारच्या बाजारात,
प्लास्टर निघालेली लोवरी सुट्टे मोजत होती.
एका बाईनं वडी उजेडाकडे धरली.
या नक्षीला काय म्हणतात?
लोवरीच्या प्रत्येक नक्षीला नाव असतं.
इद्वालनं जरा विचार केला.
"मंगळवार," म्हणाला.
बाईनं दोन घेतल्या,
एकीवर सोड्याची पांढुरकी साय धरलेली.
"बुरशी नाही ना ही?"
"नाही. पहिल्या धुण्यात जाते."
"आणि आतलं?"
"ते जरा जास्त टिकतं," इद्वाल म्हणाला,
आणि कागदात गुंडाळताना
कडेचा तुकडा
स्वतःच्या खिशात टाकला.