ढोपरांना कान नसतात

रॉदरहॅमला, नदीकडच्या गल्लीत,
एका पबच्या मागच्या खोलीत साडेपाचला सामान उतरवतो.
गालिचा बिअरने इतक्यांदा भिजून वाळलेला
की बूट उचलला की चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज.
स्टँडबाय. व्हॉल्व्ह तापायला दोन मिनिटं.
तेवढा वेळ मी कुणाशी बोलत नाही,
शिट्ट्या मोजणाऱ्या बाईसारखी.

ॲम्प बार्न्सलीच्या एका विधवेकडून घेतलेला.
तिच्या नवऱ्याने प्रत्येक नॉबशेजारी
पांढऱ्या टेपचा बाण चिकटवलाय:
गेन नऊ, बेस आठ, मिडल शून्य, ट्रेबल आठ.
चार वर्षं मी त्याच बाणांवर वाजवतेय.
घरी, दार लावून, काय भरदार वाटतं!
कपाटाची काच थरथरते,
खालचे मिस्टर ऑग्डन झाडूच्या दांड्याने दाद देतात.

इथे डेक्लनने किक सुरू केली,
झुल्फीचा बेस तिच्याखाली ऐसपैस बसला,
आणि मी नाहीच.
हात चालतोय, तार हलतेय,
तळ्यात दगड टाकावा आणि तरंगच उठू नये.

लिन मिक्सरमागून उठते.
साठीची. एका कानात यंत्र, दुसऱ्यावर पेन्सिल.
"घोट्यांना ऐकवतेयस का?" म्हणते,
आणि कॅबिनेटच्या पुढच्या कडेखाली दुधाचा क्रेट सरकवते,
तोंड वर, थेट माझ्या चेहऱ्याकडे.
"ढोपरांना कान नसतात, पोरी."

तेव्हा कळलं आपण चार वर्षं काय वाजवत होतो:
गांधीलमाश्यांनी भरलेला पत्र्याचा डबा.

मग ती गेनला हात घालते. नऊ. सात.
साडेपाच.
थांब, मी म्हणते, थांब ना,
कारण आता ऐकू यायला लागलंय
उशिरा पोचणारी करंगळी,
तिसऱ्या पट्टीवर घासणारी तार,
उजवा तळवा जिथे सैल पडतो ती जागा.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि ही बाई एकेक बोट उघडतेय.

दिवसा मी औषधाच्या काउंटरवर असते.
म्हातारे विचारतात, दोन घेतल्या तर लवकर बरं वाटेल का?
नाही, सांगते मी. रोज सांगते.

मिडल. शून्यावरून साडेसहा.
एकटं ऐकलं तर नाकातलं, चोंदलेलं,
सर्दी झालेल्या कावळ्याचं.
"आता चौघं मिळून," लिन म्हणते.
आणि किकच्या वर, झांजांच्या खाली,
कुणीच बसलेलं नव्हतं अशा एका फटीत
मी.
जाड तार, खालचा बी, थेट दाढेत.

बारमागचा फ्रिज आमच्याच प्लगवर. त्याची घूंघूं जात नाही.
लिनने तो प्रश्न सोडून दिलाय. पाचवा मेंबर, म्हणते.

साडेआठला माणसं. एकवीस, कर्स्टीची आई धरून.
सगळ्यांचे कोट ओले. कोट ट्रेबल पितात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं;
प्रेझेन्स अर्धा काटा वर.
दुसऱ्या गाण्यात सगळे एकदम थांबतात
तिथे माझा आवाज नेहमी उतू जायचा, दुधासारखा,
मागून पुसत बसावं लागायचं.
आज थांबला.
पाऊण सेकंद खोलीत फक्त फ्रिज,
आणि कुणीतरी घोट गिळला, तो.

रात्री व्हॅनमध्ये ॲम्प चढवण्याआधी
फोनच्या उजेडात मी निळ्या टेपचे बाण लावते.
पांढरे काढायला नख घातलं होतं,
तेवढ्यात ती विधवा आठवली, पावती लिहिताना म्हणालेली,
मी झोपले की वाजवायचा तो. इतकं हळू
की भिंतीपलीकडे नुसतं कुणी गुणगुणतंय वाटायचं.

इतक्या हळू आवाजाला बेस आठच लागतो.
मिडल शून्य.
नख काढून घेते.