सापडलेल्या वस्तूंची खिडकी

एकवीस वर्षं मी शेफील्डच्या बसडेपोत
हरवल्या-सापडल्याची खिडकी सांभाळली.
छत्र्या, चष्मे, कवळ्या (हो, कवळ्यासुद्धा),
एकदा तर कुणाच्या तरी अस्थींचा डबा, मागच्या सीटवर,
आणि हातमोजे.
कायम एकच. बहुधा उजवा,
पैसे द्यायला काढलेला.

माणूस पाहिलेला नसायचा,
पण मोज्यावरून ओळखायला शिकले.
तर्जनीचं टोक पिवळं, म्हणजे सिगरेट.
तळव्यावर केस, म्हणजे कुत्रा घरी वाट बघतोय.

म्हणून डॉक्टर थ्रेल्फॉल समजावू लागले तेव्हा
चित्रंबित्रं काढून दाखवायची गरज नव्हती.
पेशी मरतात, ते म्हणाले, चांगल्या तशा वाईटही,
आणि मरताना त्यांच्या चिंध्या रक्तात सुटतात.
तुमच्या आतड्यातली गाठ आम्ही काढली, वाचली,
तिच्यातले सोळा बदल टिपून ठेवले,
जिथे जी हवा तिथे ए, असले.
आता दर तीन महिन्यांनी रक्तात तेवढेच शोधायचे.
मी म्हटलं, म्हणजे मोजा सापडला तर माणूस गावातच आहे.
ते हसले.
मग हसायचे थांबले.

आई म्हणायची, शितावरून भाताची परीक्षा.
इथे शीतही नाही हो,
नुसती पेज,
आणि तिला विचारायचं, चुलीवर भात आहे का.

रक्त घेतो डेलरॉय, पिट्समूरचा.
'धडफळे' हे आडनाव त्यानं पहिल्याच दिवशी
तीनदा विचारून नीट म्हणायला शिकून घेतलं,
एवढं डेपोत एकवीस वर्षांत कुणी केलं नाही.
"जरासं टोचेल, लव्ह."
ठिपकेदार बुचांच्या दोन नळ्या.
भरल्या की दहा वेळा हलकेच उलटसुलट करतो,
ओठांत मोजत,
झोपलेलं मूल या कुशीवरून त्या कुशीवर करावं तसा.

वय झालं की रक्तालाही सुरकुत्या पडतात म्हणे.
त्या आधी वेगळ्या काढतात,
नाहीतर म्हातारपणालाच आजार समजायचे.
(सुनेला हे सांगायला हवं.)

तीनदा काही नाही.
चौथ्यांदा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते.
सोळातले नऊ.

स्कॅन केला. स्वच्छ.
दोघांनी मिळून पुन्हा बघितला. स्वच्छ.
यकृतावर डाग नाही, फुप्फुसं धुतल्यासारखी.
मला काही होत नाही. भूक लागते.
या शहरातले चढ चढते,
म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.
पण कुणीतरी गावात आहे.
कुठल्या आळीत, कुणाच्या माळ्यावर, पत्ता नाही.
फक्त एकदा
पैसे द्यायला हात बाहेर काढलेला.

"आधी कळलं हे बरंच," थ्रेल्फॉल म्हणाले.
औषध आत्ताच सुरू करावं की दिसेपर्यंत थांबावं
याचं उत्तर अजून कुणाकडेच नाही, हेही म्हणाले,
आणि त्यासाठी मला ते आवडले.
विचार करायला दोन आठवडे दिलेत.
डेपोत आम्ही वस्तू अठ्ठावीस दिवस ठेवायचो.

परतताना ट्रॅममधून उतरले तर फूटपाथवर मोजा.
हिरवा, लोकरीचा, भिजलेला. उजवा.
सवयीनं उचलला, आत बोट घालून पाहिलं,
ऊब असते कधी कधी.
नव्हती.
इथली रीत म्हणून शेजारच्या कुंपणाच्या सळईवर
बोटं वर करून अडकवला.
चढावरून वळून बघितलं:
तो हात रस्त्याला थांब म्हणतोय
की ये,
एवढ्या लांबून कळत नव्हतं.