कारणाचा रकाना

साबण तीनदा लावला, वर बेसन,
तरी रात्री डोळा चोळला की कळतं
आज पथारीवर कोणती मिरची होती.
देठ खुडून खुडून बोटं अशीच झालीत.
सासूबाई म्हणाल्या,
तुन्हा हातनी आग छातीले लागनी, दूध आटी गयं.

आटायला आधी उतरावं लागतं.
आठव्याच महिन्यात आला पोरगा,
एक किलो सातशे वीस,
तोंड उघडायचं तरी त्याला दम लागे.

सगळं केलं.
अळिवाची खीर, शेपा, भाकरीशी लसूण,
मावशीनं नळव्याहून पाठवलेला शेवग्याचा पाला.
कुणी म्हणालं पाठ शेक,
कुणी म्हणालं विहिरीत डोकावू नको.
अंगणवाडीची शेवंताताई पाकिटं घेऊन आली,
तू खा, म्हणाली, म्हणजे त्याला पोचेल.
मी खाल्लं. गोड होतं.
माझ्यापर्यंत पोचलं.

सिव्हिलच्या वॉर्डात पंप लावून बसायची अर्धा अर्धा तास,
वाटीचा तळ झाकेल एवढं यायचं.
सिस्टर वाटी तिरपी करून उजेडात धरायची.
पंधरा मिली, म्हणायची,
बारा असले तरी.

शेजारच्या खाटेवर धडगावकडची बिजली.
तिचं लेकरू काचेच्या पेटीत, नाकात नळी,
आणि तिचं झंपर भिजून जायचं.
एका पहाटे माझ्या पोराचा रडून आवाज बसला
तेव्हा तिनं हात पुढे केले.
एकमेकींची भाषा आम्हाला अर्धीच कळायची.
सिस्टर तेवढ्यात औषधांच्या कपाटाकडे तोंड करून
बराच वेळ काहीतरी मोजत राहिली.
त्या दुधाला कसलाही फॉर्म नव्हता.

चौथ्या दिवशी बिजलीची खाट रिकामी.
पेटीही.
मी कुणाला विचारलं नाही.

मग पावडरचा डबा.
खोली नंबर नऊ, समाजसेवा अधीक्षक.
पिवळं रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी,
सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स, आणि पोराचा फोटो.
फोटोवाला म्हणाला होता डोळे उघडे पाहिजेत,
म्हणून झोपलेल्याला गुदगुल्या करून उठवलं.

भामरे साहेब माणूस चांगला.
बसायला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.
कारणाचा रकाना आला तसं
पेन न थांबवता स्वतःशीच बोलले, दूध नाही.

मी म्हटलं, साहेब, कमी लिहा.
त्यांनी वर पाहिलं.
नाही लिहिलं की पटकन मंजूर होतं, ताई.
कमी म्हटलं की वरून प्रश्न येतात, किती कमी?
मागे रांग. सासूबाई दारातून खुणावतायत, हो म्हन व माय.
मी म्हटलं, पंधरा मिली आहे.
बारा आहे खरं तर.
पण आहे.

खाडाखोड चालत नाही, म्हणून नवा फॉर्म.
पुन्हा झेरॉक्स, चार रुपये.
मंजुरी आठ दिवस उशिरा आली.
ते आठ दिवस नवऱ्यानं मुकादमाकडून उचल घेऊन काढले,
अजून बोलून दाखवतो,
एका शब्दाचे साडेआठशे.

डब्यावर छापलंय, आईचं दूध बाळासाठी सर्वांत उत्तम.
रात्री दोन वाजता, उकळलेलं पाणी निवेपर्यंत
दुसरं वाचायला काही नसतं.
मग चमचा भरते, सुरीच्या पाठीनं सपाट करते.
एक डबा दहा दिवस गेला पाहिजे,
आणि तरी कधी कधी
सुरी जरा वरूनच फिरवते.

पण ते नंतर.
आधी त्याला छातीशी घ्यायचं असतं.
आधी बेसन, साबण, परत बेसन,
आणि बोटांची टोकं
एकेक करून माझ्या जिभेवर.
चरचरलं.
पुन्हा धुते.